सात घरे आणि एक वसतिगृह

‘वार लावून जेवणे’ हा शब्दप्रयोग आता आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. फराळाच्या ताटांभोवती जमलेल्या नातवंडांपुढे आजोबांनी तो उच्चारलाच, तर वार कोणी कोणावर केला, असा प्रश्न एखादे चुणचुणीत नातवंड विचारील. शंभर वर्षांपूर्वी मात्र शहरात शिकावयास आलेल्या गरीब विद्यार्थ्याचा सगळा आठवडा ह्या एका शब्दावर उभा असे. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी कचेरीतल्या कारकुनांकडे, बुधवारी देवळामागच्या काकूंकडे, अशी सात घरे त्याने धरलेली असत. एखादे घर गावाला गेले की त्या दिवशी माधुकरीची झोळी काखेत. तीही साधली नाही, तर मूठभर शेंगदाणे आणि तांब्याभर पाणी.

त्या अन्नात मिंधेपणा होता, हे खरे. यजमानीणबाईंची नजर ताटावर आहे की आपल्यावर आहे, हे त्या पोराला मान वर न करता कळत असे. परंतु वाढत्या वयाच्या मुलाच्या पोटात रोज काहीतरी ऊन पडत होते. ताप आला तर सातांपैकी एका घरची काकू सुंठीचा काढा देई, आणि फारच झाले तर ओळखीच्या वैद्याकडे निरोप जाई. त्या वेळच्या समाजाने आपल्या गरीब विद्यार्थ्यांच्या प्रकृतीचा उतरवलेला हा एक विमाच होता, असे म्हणावयास हरकत नाही. ह्या झोळीवर मुले किती दिवस काढणार, ह्या विचारातून पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह उभे राहिले. मराठीतल्या कितीतरी थोर माणसांच्या आत्मचरित्रांत वारांची प्रकरणे आहेत, आणि ती वाचताना आपले डोळे अजूनही ओले होतात.

एक गोष्ट मात्र त्या प्रकरणांत सहसा येत नाही. वार सगळ्यांना लागत नसे. तो लागावयास आधी त्या घराच्या पंक्तीत बसता येणारी जात लागे.

करमाळा, माढा किंवा सांगोला तालुक्यातल्या एखाद्या गावच्या महारवाड्यातला किंवा मांगवाड्यातला मुलगा डोळ्यांपुढे आणा. गावच्या शाळेत, बहुधा दाराबाहेर किंवा वेगळ्या तरटावर बसून, त्याने मराठी इयत्ता पुऱ्या केल्या आहेत. मास्तर भला माणूस आहे; पोरगा हुशार आहे, ह्याला इंग्रजी शाळेत घाला, असे तो बापाला सांगतो. इंग्रजी शाळा सोलापुरात. फी माफ होईल, पुस्तके कोणी जुनी देईल, पण मुलगा राहील कोठे? जेवील कोठे? पाणी पिईल कोणत्या नळावर? पुण्याच्या माधुकऱ्याइतकाच हाही गरीब. फरक एवढाच, की त्याच्या दैन्याला सात घरे होती आणि ह्याच्या दैन्याला एकही नव्हते. विद्यार्थ्यांच्या आरोग्यातील विषमता हा आजच्या विद्यापीठांतून चर्चिला जाणारा विषय आहे. आपल्या इकडे त्याचे मूळ शोधू लागलो, तर ते दवाखान्यापाशी सापडत नाही; ते ह्या सात घरांपाशी सापडते.

सोलापूर हे त्या काळीही लहान गाव नव्हते. १८७७ साली निघालेल्या जुन्या गिरणीमागून लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी ह्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बोळात कानी पडत. भोंग्यावर गाव उठे आणि भोंग्यावर निजे. अशा गिरणगावात माणूस हाताने ओळखला जाईल, जातीने नव्हे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. पण गिरणीलाही जात होती. मुंबईच्या गिरण्यांतून अधिक पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोट्यातून सूत ओढावयाचे ते तोंडाने, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचे ओठ लागावयाचे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. (तोंडाने सूत ओढण्याची ती रीत मुळातच रोगट होती, आणि सर्वांनीच सोडावी अशी होती. पण ती सोडावी असे कोणाला वाटले नाही. तीत कोणाला घेऊ नये एवढेच वाटले.)

अशा ह्या सोलापुरात रविवार, ४ जानेवारी १९२५ ह्या दिवशी अस्पृश्य वर्गातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा आठ-दहा दिवसांवर आली होती. नंदीध्वजांची तयारी चालू असलेल्या गावाचे ह्या घटनेकडे कितपत लक्ष गेले असेल, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा. वसतिगृह काढणारी संस्था जेमतेम सहा महिन्यांची होती. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा ती हीच. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. सोलापुरात जिवाप्पा ऐदाळे ह्यांच्यासारखे कार्यकर्ते पाठीशी होते.

सभेच्या उद्देशांत शिक्षणाचा प्रसार हा पहिला उद्देश, आणि त्याचे साधन म्हणून सांगितले होते ते वसतिगृह. शाळा काढू असे पहिल्याने म्हटलेले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सरकारी आणि नगरपालिकेच्या शाळा होत्याच. त्यांच्या दारापर्यंत पोचून तेथे वर्षभर धडधाकट टिकून राहणे, ही खरी अडचण होती. ती डॉ. आंबेडकरांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. लहानपणी, १९०१ साली, भावंडांबरोबर वडिलांकडे निघालेले असताना डबा भरलेला असूनही पाण्याच्या घोटाशिवाय त्यांना रात्र काढावी लागली होती. शाळेत नळ होता, पण शिपायाने सोडल्याशिवाय तो त्यांच्यासाठी नव्हता. आणि १९१७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून व लंडनहून शिकून बडोदे सरकारच्या चाकरीत रुजू झालेल्या ह्या पंडिताला त्या राजधानीत खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली, आणि संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेतल्या झाडाखाली बसून राहिलेल्या त्या तरुणाला विद्या आणि वसती ह्यांचा संबंध कोणी समजावून देण्याची गरज उरली नव्हती. सभेच्या पहिल्या कामांत वसतिगृह का आले, ह्याचे माझ्या मते हेच कारण.

ह्या वसतिगृहात काय मिळे? राहावयास जागा, जेवण, अंगावर कपडा, आणि शाळेची वह्या-पुस्तके. ह्या यादीत औषधाची बाटली नाही. तरीही त्या मुलांच्या प्रकृतीसाठी सोलापुरात तोवर झालेल्या प्रयत्नांत हा सर्वांत मोठा गणावा लागेल. गावाकडे कण्या आणि अंबाडीच्या भाजीवर वाढलेल्या पोराला रोज दोन्ही वेळा भाकरी मिळू लागली. ती कोणाच्या ओट्याखाली उभे राहून लांबून झेलावयाची नव्हती. पाटावर नाही तर पोत्यावर, पण मांडी घालून, दहा जणांत बसून खावयाची होती. सोलापूरची भाकरी कडक आणि चटणी जळजळीत. पण आपले ताट आपल्यापुढे असले की दोन्ही पचतात.

सोलापूरच्या नगरपालिकेने ह्या वसतिगृहाला दरमहा चाळीस रुपयांचे अनुदान दिले. रोजचा हिशेब केला, तर सव्वा रुपयाहून काही पैसे अधिक. आकडा लहान आहे, आणि उरलेल्या खर्चासाठी सभेला लोकांपुढे हात पसरावे लागतच होते. पण त्या आकड्याचे मोल निराळे आहे. वारात जेवणाऱ्या मुलाला जे मिळे ते कोणाच्या तरी दयेतून. हे चाळीस रुपये गावच्या सार्वजनिक तिजोरीतून आले. ह्या मुलांच्या पोटाची थोडी जबाबदारी गावावर आहे, असे एका नगरपालिकेने आपल्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले. पुढे जानेवारी १९३८ मध्ये ह्याच नगरपालिकेने डॉ. आंबेडकरांना मानपत्र दिले. मानपत्रे पुष्कळांना पुष्कळ गावे देतात. त्यापेक्षा हे चाळीस रुपये मला मोठे वाटतात.

सभेच्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे एक मासिक चालवले होते. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले, आणि त्याच्या जोडीला महार हॉकी क्लब. जुगार आणि दारूकडे वळू पाहणाऱ्या तरुणांचे मन खेळात रमावे, हा त्यामागचा हेतू. हॉकीची काठी आणि मासिकाचा कागद ह्यांचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. ज्याने घरापासून दूर राहून शिकण्याचे दिवस काढले आहेत, तो असे म्हणणार नाही. परक्या गावात, परक्या मुलांत, आपल्याला कोणी खेळावयास न बोलावण्याचे जे दुखणे असते, त्यावर खेळाशिवाय औषध नाही.

दवाखान्याचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो वसतिगृहाने सुटणारा नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव. महाडचे चवदार तळे आपल्या स्मरणात आहे, कारण २० मार्च १९२७ ला तेथे इतिहास घडला. ह्या यादीत दवाखानाही होता, हे मात्र आपण विसरून गेलो आहो.

दवाखाना मोकळा नसणे म्हणजे काय, ह्याची एक हकीकत १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आली होती. डॉ. आंबेडकरांनी ती पुढे आपल्या आठवणींच्या टिपणात उतरून घेतली. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची ती गोष्ट. म्हणजे शिकलेल्या, शिकवणाऱ्या, पगारी माणसाची. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर त्यांच्या वस्तीत यावयास तयार होईना. गावच्या नगरशेटने फीची हमी घेतली, तेव्हा तो आला, पण वस्तीत पाऊल टाकणार नाही ह्या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने तापमापक नळी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याला दिली, नवऱ्याने बायकोला लावली, आणि आली त्याच वाटेने ती परत गेली. निदान झाले न्यूमोनियाचे. नाडी कोणी पाहिली नाही. पुढे बोलावल्यावर डॉक्टर आला नाही, आणि ती बाई गेली. दिवाळीच्या अंकात ही हकीकत लिहावी की नाही, ह्याचा मी थोडा विचार केला. पण शिक्षण मिळाले की बाकीचे आपोआप येते, असे आपण घरोघर म्हणतो; त्या समजुतीला एवढे स्पष्ट उत्तर दुसरे मला ठाऊक नाही.

ह्याच सोलापुरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस जन्मले. मुंबईत वैद्यकी शिकून ते १९३८ साली चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्या परक्या सैनिकांची सेवा केली, आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले. सोलापूरला त्यांचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. परंतु कोटणिसांच्या वयाचा, त्यांच्याच बुद्धीचा, गावकुसाबाहेरचा मुलगा डॉक्टर होण्याआधी मॅट्रिकपर्यंत पोचावयाचा होता, आणि तेवढ्यासाठीच त्या वसतिगृहाची धडपड होती.

ती फार दिवस सभेच्या हाती राहिली नाही. पैसा पुरेना. १९२८ च्या सुमारास सोलापूरचे वसतिगृह डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या सोलापूर शाखेकडे सोपवण्यात आले. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी १९०६ साली मुंबईत सुरू केलेली संस्था ती हीच. शिंदे आणि आंबेडकर ह्यांच्या वाटा पुढे एकमेकींपासून दूर गेल्या, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या मुलांचे ताट मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. त्याच वर्षी सरकारने अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या पाच वसतिगृहांना मान्यता दिली. ती पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड ह्या गावी होती. त्यांत सोलापूर नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहे उभारली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. तेथे राजा पाठीशी होता. सोलापूरच्या मुलांच्या पाठीशी वर्गणी होती.

सोलापूर जिल्ह्यातच आणखी एक वास्तू आहे, तिचा ह्या विषयाशी फार जवळचा संबंध येतो. पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. चोखोबा मंगळवेढ्याचे, ह्याच जिल्ह्यातले. गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून ते गेले. वेठीच्या कामावर जीव गेलेला हा संत. देवळाची पायरी ज्यांना चढू दिली नाही, त्यांच्या नावाची ही धर्मशाळा वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती. हातात खराटा घेऊन रस्ते झाडणाऱ्या आणि रात्री कीर्तनात पोरे शिकवा म्हणून सांगणाऱ्या बाबांनी १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. स्वच्छता, निवारा आणि शाळा ह्या तीन निरनिराळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत, हे त्या निरक्षर माणसाला कोणी सांगितले नव्हते, हे बरेच झाले.

वसतिगृहाची गोष्ट अस्पृश्यांपुरती सांगून थांबता येत नाही. सोलापुरात तर नाहीच. गुन्हेगार जमाती ठरवलेल्या कुटुंबांची मोठी वसाहत ह्या गावी तारेच्या कुंपणाआड होती. गावकरी तिला ‘सेटलमेंट’ म्हणत, आणि त्या भागाचे ते नाव अजून टिकून आहे. तेथल्या माणसांना हजेरी होती, बाहेर पडावयास परवाना होता. त्या मुलांना छप्पर होते. पण ते छप्पर शिक्षा म्हणून होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कुंपण निघाले, आणि शहरात खोली मागावयास गेल्यावर पत्ता सांगण्याची वेळ आली. घरमालक पत्ता ऐकून काय म्हणत, हे सोलापूरकरांना वेगळे सांगावयास नको. करमाळा तालुक्यातील नेरल्याचे किशोर शांताबाई काळे कोल्हाटी समाजातून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पोचले, डॉक्टर झाले, आणि १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. वारांची आत्मचरित्रे वाचून डोळे ओले झालेल्यांनी त्याच बैठकीत हेही वाचावे. डॉ. काळे २००७ साली अपघातात अकाली गेले.

मधल्या काळात पुष्कळ झाले, ते न नाकारता सांगितले पाहिजे. १९४४ पासून मॅट्रिकच्या पुढील शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळू लागली. सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय आले, १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झाले. आता त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे. नळावर शिपाई लागत नाही. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, आणि मुलींचीही आहेत. १९२५ सालच्या वसतिगृहात मुली नव्हत्या. आज पुण्याच्या हमरस्त्यावर केगावला बसमधून उतरणाऱ्यांत त्याच खेड्यांच्या नाती-पणत्या असतात. त्यांच्या प्रकृतीकडे मात्र अजून कोणी नीट पाहिलेले नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पहाटेची एस. टी. पकडण्यासाठी चहावर निघणारी मुलगी त्या आकड्यात कोठे बसते, हे तिच्या आईला कळते.

वसतिगृहात जागा मर्यादित, आणि अर्ज पुष्कळ. ज्यांना जागा मिळत नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून डॉ. आंबेडकरांच्या नावाची स्वाधार योजना सुरू केली. तिच्या आरंभीच्या दरात सोलापूरसारख्या महापालिकेच्या शहरात वर्षाचे एक्कावन्न हजार रुपये धरले होते: भोजनाला अठ्ठावीस हजार, राहण्याला पंधरा हजार, आणि निर्वाहाला आठ हजार. भोजनाची रक्कम शाळा-कॉलेजच्या दहा महिन्यांवर वाटली, तर दिवसाला सुमारे त्र्याण्णव रुपये पडतात. दोन वेळच्या जेवणाला ते पुरत होते की नाही, हे सोलापूरच्या कोणत्याही खानावळीच्या दारावरची पाटी वाचून कळण्यासारखे होते. शिवाय पैसे बँकेत हप्त्याने यावयाचे. हप्ता लांबला की खानावळवाल्याच्या वहीत मुलाच्या नावापुढे आकडा चढत जाई. ती वही घेऊन तो गृहस्थ सरकारकडे जात नाही. तो संध्याकाळी जेवावयास आलेल्या मुलाकडे पाहतो, आणि तो मुलगा ताटावरून मान वर करीत नाही.